ग्रह कोरडे का पडतात? : प्रस्तावना

शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे तिन्ही ग्रह सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी, नवजात सूर्याभोवती फिरणाऱ्या धूळ-वायूच्या एकाच तबकडीतून घडले. घडताना त्यांच्या वाट्याला आलेला ऐवज फारसा वेगळा नव्हता : खडक, लोखंड, कार्बनची संयुगं, नायट्रोजन आणि खनिजांत बांधलेलं पाणी. आज मात्र ही तीन भावंडं एकमेकांना ओळखणार नाहीत इतकी वेगळी आहेत. शुक्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या ९२ पट आहे, तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि तिथल्या हवेतलं सगळं बाष्प गोळा करून त्याचं पाणी केलं तर ग्रहभर जेमतेम काही सेंटीमीटरांचा थर होईल. मंगळावरचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तिथे उघड्यावर ओतलेलं पाणी गोठतं किंवा उडून जातं. आणि या दोघांच्या मधल्या पृथ्वीवर सरासरी ३.७ किलोमीटर खोलीचे समुद्र अब्जावधी वर्षं टिकून आहेत. या फरकाची दोन उत्तरं आपल्याकडे शाळेपासून चालत आली आहेत. मंगळाचं चुंबकीय क्षेत्र विझलं आणि सौरवाऱ्याने त्याची हवा उडवून नेली, हे पहिलं. शुक्र सूर्याच्या जास्त जवळ असल्याने तापला, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत, आणि अपुरं उत्तर पाठ झालं की पुढचा प्रश्न सुचत नाही. या पुस्तकाचं म्हणणं असं आहे : हवा आणि पाणी ग्रहाच्या वरच्या कडेवरून निसटतात हे खरं, पण किती निसटणार हे बहुतांशी खाली ठरतं. बाष्प किती उंच चढू शकतं, खडक किती पाणी आणि किती कार्बन डायऑक्साइड पोटात घेतात, आणि घेतलेलं कधी परत देतात का, या तीन गोष्टी ग्रहाचं भवितव्य ठरवतात. सूर्य आणि सौरवारा यांची भूमिका त्यानंतर येते.

निसटण्याची मूळ कल्पना साधी आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात; तापमान जितकं जास्त आणि रेणू जितका हलका, तितका त्याचा वेग अधिक. गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायचं तर पृथ्वीवरून सेकंदाला ११.२ किलोमीटर, शुक्रावरून १०.४, मंगळावरून ५ आणि चंद्रावरून २.४ किलोमीटर एवढा मुक्तिवेग लागतो. जमिनीलगत एखाद्या रेणूला असा वेग मिळाला तरी उपयोग नसतो, कारण पुढच्याच क्षणी तो शेजारच्या रेणूवर आदळतो. पण सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ होते की वर निघालेल्या अणूला अडवायला कुणी उरत नाही. बाह्यांबराच्या या तळाशी तापमान साधारण १,००० केल्विन असतं. तिथे हायड्रोजनचा अणू सेकंदाला सरासरी साडेचार किलोमीटर वेगाने धावतो. ऑक्सिजनचा अणू सोळापट जड असल्याने त्याचा वेग याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच असतो. कोणत्याही वायूत सरासरीहून कितीतरी वेगवान असे थोडे अणू असतातच. हायड्रोजनचे असे अणू सुटतात, ऑक्सिजनचे जवळपास कधीच नाही. जेम्स जीन्स यांनी १९०४ साली वायूंच्या गतिसिद्धांतावरच्या आपल्या ग्रंथात हे गणित मांडलं आणि निसटण्याची ही वाट त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याखेरीज इतरही वाटा आहेत. वरच्या हवेतल्या रासायनिक क्रियांतून अणूला जोराचा धक्का मिळू शकतो. सौरवाऱ्यातले कण आदळून अणू उसळवले जाऊ शकतात. विद्युत्भारित झालेले आयन सौरवाऱ्याबरोबर ओढले जाऊ शकतात. आणि तरुण, प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनी वरची हवा इतकी तापू शकते की ती सबंध प्रवाहासारखी वाहून जाते आणि जाताना जड वायूंनाही बरोबर नेते. परंतु वाट कितीही मोकळी असली तरी निसटण्याजोगा हायड्रोजन तिथवर पोहोचल्याशिवाय काहीच निसटत नाही. डोनाल्ड हंटन यांनी १९७३ साली दाखवून दिलं की पृथ्वीवरून हायड्रोजन किती वेगाने जातो हे वरच्या कडेच्या तापमानावर ठरत नाही. खालच्या हवेतून तो वर किती पाझरतो, यावर ठरतं. पुस्तकातल्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

निसटणं खरोखर घडतं याचा पुरावा आपल्या श्वासातल्या हवेतच आहे. पृथ्वीच्या खडकांतलं युरेनियम आणि थोरियम सतत क्षय पावत असतं आणि त्यातून हेलियम तयार होतो. पोटॅशियमच्या किरणोत्सारी प्रकाराच्या क्षयातून आर्गॉन तयार होतो. दोन्ही वायू निष्क्रिय. खडकांशी, पाण्याशी, जिवांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. तरी हवेत आर्गॉन जवळपास एक टक्का साठला आहे आणि हेलियम मात्र दहा लाख भागांत पाचच भाग आहे. जमिनीतून झिरपणारा हेलियम कुठे जातो, याला अवकाशाखेरीज दुसरं उत्तर नाही. आजच्या अंदाजानुसार पृथ्वीवरून दर सेकंदाला सुमारे ३ किलो हायड्रोजन आणि ५० ग्रॅम हेलियम कायमचा निघून जातो. वर्षाला हायड्रोजनचा आकडा नव्वद हजार टनांच्या पुढे जातो. ऐकायला तो मोठा वाटतो, पण पृथ्वीच्या समुद्रांशी त्याचा हिशेब मांडला तर चित्र पालटतं. तीन किलो हायड्रोजन म्हणजे सत्तावीस किलो पाणी. गळती याच वेगाने चालू राहिली तर सगळे समुद्र रिकामे व्हायला दीड लाख कोटी वर्षं लागतील. पृथ्वीच्या आजच्या वयाच्या तीनशेपटींहून अधिक. म्हणजे आपल्या ग्रहाची वरची कड उघडी आहे, तिथून हायड्रोजन सुटतोही आहे, आणि तरीही समुद्र शाबूत आहेत. अर्थात वर पोहोचणाऱ्या हायड्रोजनवर खाली कुठेतरी कडक मर्यादा आहे.

ती मर्यादा म्हणजे तपांबराचा माथा. समुद्रावरून उठलेली वाफ जसजशी वर चढते तसतशी हवा थंड होत जाते, आणि उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास पोहोचतं. तिथवर जाईपर्यंत जवळजवळ सगळं बाष्प ढग, पाऊस आणि हिमकणांच्या रूपाने गळून पडलेलं असतं. भात शिजताना पातेल्यावरच्या झाकणाला वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा पातेल्यातच पडतात. हवेतला हा थंड थर समुद्रांसाठी नेमकं तेच काम करतो. म्हणूनच त्यावरच्या स्थितांबरात पाण्याचं प्रमाण दहा लाखांत चार-पाच भाग इतकं कमी असतं. मोसमी पावसाच्या काळात आशियावरचे उंच मेघ या थराला जाऊन भिडतात आणि थोडं बाष्प पलीकडे पोहोचवतात, तरी एकूण चित्र बदलत नाही. हा थर ओलांडणं किती अवघड आहे हे जानेवारी २०२२ मधल्या एका अपवादाने दिसलं. पॅसिफिकमधल्या टोंगा देशात हुंगा टोंगा हा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला आणि त्याने सुमारे १५ कोटी टन बाष्प एका झटक्यात स्थितांबरात फेकलं. त्या थरातलं पाणी एकदम जवळपास दहा टक्क्यांनी वाढलं. एका स्फोटाने इतका फरक पडावा, यावरूनच एरवी तिथे पाणी किती कमी पोहोचतं ते कळतं. वर गेलेल्या बाष्पाचं पुढे काय होतं हेही सरळ आहे : सूर्याचे अतिनील किरण पाण्याचा रेणू फोडतात, हायड्रोजन सुटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. एकदा हायड्रोजन गेला की ते पाणी पुन्हा जुळत नाही. पृथ्वीचं पाणी टिकलं ते तिच्या गुरुत्वाकर्षणाइतकंच या थंड थरामुळे.

हा थर निकामी झाला तर काय होतं, याचा नमुना शुक्र आहे. शुक्राला पृथ्वीच्या जवळपास दुप्पट सूर्यप्रकाश मिळतो. अँड्र्यू इंगरसॉल यांनी १९६९ साली आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८० च्या दशकात केलेल्या गणितांनी दाखवलं की उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की बाष्प हवेच्या एकूण घडणीत मोठा वाटा उचलू लागतं, थंड थर उंच सरकतो आणि वरची हवा ओली होते. मग हायड्रोजनची गळती कैकपटींनी वाढते. याची खूण शुक्राच्या हवेत शिल्लक आहे. साध्या हायड्रोजनबरोबर निसर्गात त्याचा दुप्पट जड भाऊ, ड्यूटेरियम, अगदी थोड्या प्रमाणात असतो. निसटताना हलका आधी जातो, जड मागे राहतो. १९७८ साली शुक्रावर पोहोचलेल्या पायोनियर व्हीनस यानाच्या नोंदींवरून थॉमस डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं की तिथे ड्यूटेरियमचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून अधिक आहे. पुढे व्हीनस एक्स्प्रेस यानाने शुक्रावरून निसटणारे आयन मोजले, तेव्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण जवळपास दोनास एक, म्हणजे पाण्यातल्यासारखंच निघालं. शुक्राची हवा इतकी जाड का, याचं उत्तरही पाण्यातच आहे. पृथ्वीवरचा कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळून, खडकांशी क्रिया होऊन चुनखडीत बंद झाला आहे. तो सगळा मोकळा केला तर शुक्राच्या हवेशी तुलना करता येईल एवढा निघेल. शुक्रावर पाणी गेलं, त्याबरोबर कार्बनला दगडात बांधणारी ही क्रियाही थांबली. पाणी गमावलेल्या ग्रहाची हवा आटलीच पाहिजे असं नाही, ती जडही होऊ शकते. हवा आणि पाणी यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही, तो यासाठी.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ड्यूटेरियमचं प्रमाण शंभरपट आहे म्हणून शुक्रावर एकेकाळी समुद्र होते, असं थेट म्हणता येत नाही. आज शिल्लक असलेलं पाणी इतकं थोडं आहे की त्याला शंभर-दीडशेने गुणलं तरी काही मीटरांचाच थर होतो. त्याहून जास्त किती होतं, हे ड्यूटेरियम स्वतः किती निसटलं आणि ज्वालामुखी-धूमकेतूंनी मध्येच किती नवं पाणी आणलं यावर अवलंबून आहे. शिवाय २०२१ साली मार्टिन तुर्बे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या हवामान-गणितानुसार शुक्रावरची सुरुवातीची वाफ कधी थंड होऊन पाऊस म्हणून पडलीच नसावी. तिथे समुद्र तयारच झाले नसावेत. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि शुक्राचे हरवलेले समुद्र हे शब्द या पुस्तकात मी सिद्ध गोष्ट म्हणून कुठेही वापरलेले नाहीत. पण मूळ युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही. समुद्र होऊन मग वाफ झाली असो, किंवा वाफ कधी खाली उतरलीच नसो, दोन्ही कथांत पाणी गेलं ते उंचावर राहिल्यामुळे. वाद आहे तो कधी आणि किती यावर. कशामुळे, यावर दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात.

मंगळाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणूनच अधिक शिकवणारी आहे. जुन्या नद्यांची पात्रं, गेल विवरातल्या सरोवराच्या गाळाचे थर, जेझेरो विवरातला त्रिभुज प्रदेश यांवरून ३५० कोटी वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहत होतं याबद्दल आता शंका उरलेली नाही. मंगळावरच्या पाण्यात ड्यूटेरियम पृथ्वीच्या पाच-सहापट आहे. आणि क्युरिऑसिटी रोव्हरने गेल विवरातल्या सुमारे ३०० कोटी वर्षं जुन्या चिखलाच्या दगडात बांधलेलं पाणी तपासलं तेव्हा ते प्रमाण तिप्पट निघालं. म्हणजे गळतीचा मोठा भाग तोवर होऊन गेला होता आणि उरलेली गळती नंतरही चालू राहिली. २०१४ च्या सप्टेंबरात दोन दिवसांच्या अंतराने दोन यानं मंगळाभोवती फिरू लागली, नासाचं मेव्हन आणि इस्रोचं मंगळयान. मेव्हनचा मुख्य उद्देशच ही गळती मोजण्याचा होता. मंगळयानावरच्या मेन्का या उपकरणाने बाह्यांबरात अपेक्षेहून जास्त ऊर्जेचे आर्गॉन अणू टिपले, आणि वरची हवा साध्या तापमानाच्या गणितात बसत नाही याला त्याने दुजोरा दिला. मेव्हनच्या मोजणीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष २०१७ साली आला. आर्गॉनच्या हलक्या आणि जड समस्थानिकांचं प्रमाण वेगवेगळ्या उंचीवर मोजून ब्रूस जाकोस्की यांच्या गटाने दाखवलं की मंगळाच्या हवेतला सुमारे दोन तृतीयांश आर्गॉन अवकाशात गेला आहे. आर्गॉन खडकात मुरत नाही आणि स्वतःहून सुटण्याइतका हलकाही नाही. तो सौरवाऱ्यातल्या कणांच्या माऱ्यानेच जाऊ शकतो. ऑक्सिजनची वाट निराळी आहे. मंगळाच्या वरच्या हवेत ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनशी जुळून फुटतो तेव्हा त्यातले अणू सेकंदाला काही किलोमीटर वेगाने फेकले जातात. हीच क्रिया शुक्रावरही घडते, पण तिथे ते अणू पुन्हा खाली पडतात. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या भागाइतकंच असल्यामुळे तिथे ते सुटून जातात.

तरीही मंगळावर हायड्रोजन किती निसटतो हे पुन्हा बाष्पाच्या उंचीनेच ठरतं. मंगळ सूर्याच्या जवळ येतो त्या ऋतूत तिथून निसटणारा हायड्रोजन दहापटींनी आणि कधी त्याहूनही अधिक वाढतो, हे हबल दुर्बीण, मार्स एक्स्प्रेस आणि मेव्हन या तिघांच्या नोंदींतून दिसलं आहे. कारण त्याच ऋतूत धुळीची वादळं उठतात, धूळ हवा तापवते, थंड थर सैल पडतो आणि बाष्प थेट वरच्या हवेत जाऊन फुटतं. २०१८ साली सबंध मंगळ झाकणाऱ्या वादळात हे अगदी स्पष्टपणे मोजलं गेलं. सूर्य तोच, सौरवारा तोच, गुरुत्वाकर्षण तेच. खालच्या हवेत धूळ उठली एवढ्यानेच वरची गळती बदलली. मंगळाने गमावलेलं सगळं पाणी अवकाशात गेलं असंही नाही. २०२१ साली इव्हा शेलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार मंगळाच्या मूळ पाण्यापैकी किमान ३० टक्के, कदाचित बहुतेक सगळंच, खनिजांमध्ये बांधलं गेलं. हे ऐकून आश्चर्य वाटणाऱ्या मराठी वाचकाने नाशिक, जळगाव किंवा पुणे परिसरातल्या दगडखाणींतून निघणारे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक आठवावेत. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून ते घडले आणि त्यांच्या रचनेतच पाणी आहे. तापवलं की ते बाहेर पडतं. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसॉल्टचंच आहे. फरक असा की पृथ्वीवर भूपट्ट एकमेकांखाली सरकतात, ओले खडक खोल जातात आणि त्यांतलं पाणी ज्वालामुखींतून परत येतं. मंगळावर असं अभिसरण नाही. तिथे खडकात गेलेलं पाणी तिथेच राहिलं. कार्बनचंही तसंच झालं : २०२५ साली गेल विवरात क्युरिऑसिटीला काही थरांत पाच ते दहा टक्क्यांपर्यंत सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, सापडलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दगडात गेला आणि परत देणारी यंत्रणा थकली.

आता चुंबकीय क्षेत्राच्या प्रश्नाकडे वळायला हवं, कारण वाचकाच्या मनात तो सर्वांत आधी येईल. मंगळाचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४१० ते ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात विझलं आणि हवाही त्याच सुमारास विरळ होत गेली, मग हे कारण कमी का लेखायचं? माझं उत्तर असं आहे. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याची हवा पृथ्वीच्या नव्वदपट जाड आहे; केवळ क्षेत्र नसण्याने हवा जात असती तर शुक्र केव्हाच उघडा पडला असता. पृथ्वीला क्षेत्र आहे, पण तिच्यावरून निसटणाऱ्या ऑक्सिजन आयनांचं प्रमाण शुक्र आणि मंगळापेक्षा कमी असल्याचं दिसत नाही. चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला दूर ठेवतं हे खरं. पण ते ग्रहाभोवती इतकं पसरतं की सौरवाऱ्याची जास्त ऊर्जा गोळाही करतं, आणि ध्रुवांजवळच्या उघड्या बलरेषांवरून आयनांना बाहेरची वाट देतं. आधी सांगितलेला हेलियम पृथ्वीवरून बराचसा याच वाटेने जातो. हर्बर्ट गुनेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ही तुलना सविस्तर केली आहे. मंगळाच्या बाबतीत काळ जुळतो हे मान्य. पण त्याच काळात सूर्याचे अतिनील किरण आजच्यापेक्षा कितीतरी प्रखर होते, मंगळावरचे ज्वालामुखी मंदावत होते आणि मोठ्या अशनींचे आघातही झाले होते. एकाच वेळी घडलेल्या अनेक गोष्टींतून एकीला कारण ठरवण्यासाठी काळ जुळणं पुरेसं नसतं. चुंबकीय क्षेत्राचा काहीच परिणाम झाला नाही असा माझा दावा नाही. तरुण सूर्यासमोर त्याचं काम आजच्याहून वेगळं असू शकतं. त्याला एकमेव कारण मानण्याला मात्र माझा विरोध आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे : आज मोजलेल्या गळतीवरून अब्जावधी वर्षांपूर्वीचं अनुमान कसं काढायचं? आजचा वेग वयाने गुणणं चुकीचंच ठरेल. तरुण सूर्य एकूण प्रकाशात आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, पण क्ष-किरण आणि अतिनील किरणांत कितीतरी प्रखर. म्हणूनच मेव्हनच्या गटाने सूर्याच्या बदलत्या प्रखरतेचा अंदाज धरून मंगळाची एकूण गळती काढली, आणि ०.८ बारपर्यंत कार्बन डायऑक्साइड किंवा ग्रहभर २३ मीटरपर्यंत पाणी गेलं असावं अशी मर्यादा सांगितली. समस्थानिकांचं महत्त्व इथेच कळतं. ते आजचा वेग सांगत नाहीत. आजवरच्या साऱ्या गळतीची बेरीज दाखवतात. वेगाची मोजणी आणि बेरजेची साक्ष या दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींशी जुळतात तेव्हाच अनुमानावर विश्वास ठेवता येतो. आर्गॉनच्या बाबतीत त्या जुळतात. पाण्याच्या बाबतीत अवकाशातली गळती एकटी पुरत नाही, आणि म्हणूनच खडकांकडे पाहणं भाग पडतं. हा प्रश्न सोडवण्यातच विषयाची खरी प्रगती झाली आहे.

तिसरा प्रश्न असा की गुरुत्वाकर्षणच सगळं ठरवत नाही का? शनीचा चंद्र टायटन याला उत्तर देतो. त्याचं वस्तुमान मंगळाच्या पाचव्या भागाइतकं आहे, मुक्तिवेग सेकंदाला २.६ किलोमीटर, तरी तिथे पृथ्वीच्या दीडपट दाबाची नायट्रोजनची हवा आहे, कारण पृष्ठभागाचं तापमान उणे १८० अंशांच्या आसपास आहे आणि सूर्य दहापट दूर आहे. उलट, ज्या ग्रहाचं वजन भरपूर आहे पण तारा अगदी जवळ आहे, त्याचीही हवा जाते. २००३ साली आल्फ्रेड व्हिदाल-माजार यांच्या गटाने एचडी २०९४५८बी या गुरूसारख्या तप्त ग्रहावरून हायड्रोजन बाहेर पडताना टिपला. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ साली ट्रॅपिस्ट-१ या लहान ताऱ्याभोवतीचे आतले दोन ग्रह पाहिले, तेव्हा त्यांच्यावर कार्बन डायऑक्साइडची जाड हवा असल्याचा पुरावा मिळाला नाही. केव्हिन झान्ले आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी सूर्यमालेतले ग्रह-चंद्र आणि दूरचे ग्रह एकाच आलेखावर मांडले, तेव्हा मुक्तिवेग आणि मिळणारा प्रकाश यांच्या तुलनेत हवा असलेले आणि नसलेले यांच्यात एक ढोबळ रेषा दिसली. ती रेषा मोलाची आहे, पण रेषेच्या जवळ असलेल्या ग्रहाचं काय झालं ते ती सांगत नाही. मंगळ त्या सीमेजवळच येतो, आणि त्याचं उत्तर त्याच्या धुळीत आणि दगडांत शोधावं लागतं.

या विषयाला वर्तमानाचीही एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पृथ्वी शुक्र होईल, अशी भीती हवामानबदलाच्या चर्चेत घातली जाते. सूर्य दर १०० कोटी वर्षांनी साधारण दहा टक्के प्रखर होत जातो, आणि पुढच्या सुमारे १०० कोटी वर्षांत पृथ्वीचा थंड थर सैल पडून समुद्र निसटू लागतील असं अनेक गणितं सांगतात. माणसाने जाळलेल्या इंधनाने मात्र पृथ्वी त्या उंबरठ्यावर पोहोचेल असं ती सांगत नाहीत. पण यातून दिलासा घेणं हा मोठा गैरसमज ठरेल. शुक्र होण्याच्या कितीतरी आधी शेती, पाऊस आणि किनारे यांचं नुकसान माणसाला सोसवण्यापलीकडे जातं. शुक्राची भीती घातल्याने हे खरं, जवळचं नुकसान नजरेआड होतं. ग्रहविज्ञान आपल्याला भीती दाखवण्यासाठी नाही. कोणत्या बदलाला किती काळ लागतो हे प्रमाण शिकवण्यासाठी आहे.

पुस्तकाची मांडणी याच युक्तिवादाला धरून केली आहे. आधी हवेची उभी रचना आणि निसटण्याच्या वाटा येतात, मग समस्थानिकांची साक्ष कशी वाचायची ते येतं, आणि त्यानंतर शुक्र, मंगळ, पृथ्वी, टायटन आणि दूरचे ग्रह यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. गणित जिथे टाळता आलं नाही तिथे ते पायरीपायरीने मांडलं आहे. महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते करू शकेल, आणि इतरांनी ते वगळलं तरी धागा तुटणार नाही. येत्या काळात पाण्याच्या खुणा असलेल्या ग्रहांच्या बातम्या वाढतच जातील. अशी प्रत्येक बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत, अशी माझी वाचकाला विनंती आहे : तिथे बाष्प किती उंच चढतं? हायड्रोजन गेल्यावर उरलेला ऑक्सिजन कुठे गेला? खडकांनी किती पाणी घेतलं? आणि घेतलेलं ते परत देतात का? पृथ्वीवर पाणी असणं ही आपण इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की तिचं कारण शोधावं असं आपल्याला वाटतच नाही. या चार प्रश्नांची उत्तरं आपल्याच ग्रहाबद्दल नीट देता आली, की समुद्र टिकवण्यासाठी इथे किती गोष्टी अब्जावधी वर्षं एकत्र काम करत आल्या आहेत ते कळतं. ते कळणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठीच हे पुस्तक लिहिलं आहे.